कंपायलरची अट आणि चुकीचा स्पष्ट निरोप

नवी दिल्लीत मंडी हाउसच्या चौकापासून इंडिया गेटकडे जाणारा रस्ता कोपर्निकस मार्ग या नावाने ओळखला जातो. दूरदर्शनचे मुख्य कार्यालय आणि कमानी सभागृह याच रस्त्यावर आहेत. आणि महाराष्ट्रातून राजधानीत जाणाऱ्या मंडळींच्या परिचयाचे जुने महाराष्ट्र सदनही येथेच आहे. २०१३ साली कस्तुरबा गांधी मार्गावर नवे महाराष्ट्र सदन उघडले. तेव्हापासून एकाच नावाच्या दोन वास्तू एकाच शहरात उभ्या आहेत.

अशी कल्पना करावी की, नव्या सदनात राखून ठेवलेल्या खोलीचा कागद घेऊन एखादा विद्यार्थी रात्री जुन्या सदनाच्या दाराशी आला. पहारेकऱ्याने ‘येथे जमणार नाही’ एवढेच सांगितले, तर तो विद्यार्थी आपल्या कागदातच काही दोष आहे असे समजून गोंधळून जाईल. ‘हा कागद नव्या सदनाचा आहे, ते कस्तुरबा गांधी मार्गावर आहे, या बाजूने जावे’ असे सांगितले, तर पाच मिनिटांत त्याची अडचण दूर होईल. नकार दोन्ही वेळा आहे. परंतु पहिला नकार माणसाला अडवतो आणि दुसरा त्याला वाट दाखवतो.

संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे आज जो एक वाद उभा आहे, त्याचा निकाल या दोन नकारांतील भेदावर पुष्कळसा अवलंबून आहे. तो वाद असा: दोष नीट सांगण्याची नवी साधने मिळावीत म्हणून आज्ञावलींच्या संग्रहाने आपल्या वापरकर्त्यांकडे नव्या कंपायलरची मागणी करावी काय? आणि करावयाची तर कोणत्या मर्यादेत?

काही संज्ञा

मनुष्याला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली संगणकाला जशीच्या तशी कळत नाही. तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. कंपायलर हीदेखील एक आज्ञावलीच होय. तिच्याही आवृत्त्या निघतात आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर भाषेत काही नव्या सोयी येतात. जुन्या आवृत्तीला नव्या सोयी अर्थातच ठाऊक नसतात.

प्रत्येक लेखक सर्व काही स्वतः लिहीत नाही. समीकरणे सोडविणे, फाइल वाचणे, तारखांची वजाबाकी करणे अशी वारंवार लागणारी कामे इतरांनी लिहून ठेवलेली असतात. अशा तयार संग्रहाला लायब्ररी म्हणतात. एका लायब्ररीचा आधार दुसरी घेते, दुसरीचा तिसरी. त्यामुळे शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याने एकच लायब्ररी निवडली, तरी तिच्या पाठीमागून अनेक लायब्रऱ्या त्याच्या यंत्रात येतात आणि त्यांतील प्रत्येकीची कंपायलरविषयीची अट त्याला लागू होते. ती अट त्याने वाचलेली नसते, आणि बहुधा ती आहे हेही त्याला माहीत नसते.

चूक सांगण्याचे महत्त्व

काम बिघडल्यावर लायब्ररीने काय सांगावे, हा प्रश्न किरकोळ नाही. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावलीचा काही भाग आधीच्या एरियन-४ मधून जसाच्या तसा घेतलेला होता. नव्या अग्निबाणाच्या वेगामुळे एक संख्या तिच्यासाठी राखलेल्या जागेत मावली नाही, आणि या प्रसंगी काय करावे याची तरतूद त्या ठिकाणी केलेली नव्हती. यंत्रणा बंद पडली. बंद पडताना तिने दोषाविषयीची जी माहिती पाठविली, ती मुख्य संगणकाने उड्डाणाचीच माहिती समजून वापरली आणि अग्निबाण वाकडा वळला. चूक घडली एवढ्यानेच हा अनर्थ झाला नाही. चुकीचा निरोप निरोप म्हणून ओळखला गेला नाही, हेही त्याचे एक कारण होते.

याच्या उलट उदाहरण गणिती लायब्रऱ्यांत सापडते. समीकरणसंच सोडविण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाणारी लॅपॅक ही लायब्ररी १९९२ साली प्रसिद्ध झाली. तिचे प्रत्येक मुख्य उपकार्य शेवटी एक संख्या परत देते. ती शून्य असेल तर काम यथास्थित झाले. उणे चार असेल तर दिलेल्या सामग्रीतील चौथी बाब अयोग्य आहे. धन असेल तर सामग्री नियमानुसार आहे, परंतु गणितच अडले. उदाहरणार्थ, त्या समीकरणांना एकमेव उत्तर नाही. वापरणाऱ्याची चूक आणि प्रश्नाच्या स्वरूपातून येणारी अडचण यांतील भेद एवढ्या लहान खुणेने राखला आहे. सामग्री अयोग्य असल्यास कोणत्या उपकार्यात कितवी बाब चुकली हे पडद्यावर छापण्याची सोयही तीत आहे. आणि हे सारे फोर्ट्रान-७७ या जुन्या भाषेत साधलेले होते.

तथापि नुसत्या संख्येला मर्यादा आहेत. ती पाहावयाचे राहून गेले तर चूक मुकाट्याने पुढे सरकते. शिवाय एका चुकीच्या पोटात दुसरी असते, ती संख्येत मावत नाही. परीक्षेचा निकाल छापणारी आज्ञावली अडली, तर ‘निकाल छापता आला नाही’ एवढ्याने शिक्षकाचे समाधान होत नाही. निकाल छापला नाही, कारण गुणांची फाइल उघडली नाही. फाइल उघडली नाही, कारण ती वाचण्याची परवानगी नाही. अशी कारणांची साखळी त्याला हवी असते. अलीकडच्या भाषांनी ही साखळी नीट गुंफण्याची साधने दिली आहेत. मात्र ही साधने भाषेबरोबर पहिल्या दिवशीच जन्मली नाहीत. ती एकेका आवृत्तीने आली.

संघर्ष कोठे होतो

रस्ट या भाषेचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तिची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये निघाली आणि त्यानंतर दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघत आली आहे. चूक आढळताच ती वरच्या पायरीकडे सुपूर्द करणारे प्रश्नचिन्हाचे चिन्ह नोव्हेंबर २०१६ मध्ये, १.१३ या आवृत्तीत आले. चुकीच्या मुळाशी असलेली दुसरी चूक दाखविण्याची आजची रीत २०१८ साली १.३० मध्ये आली. चूक कोणकोणत्या पायऱ्यांतून वर आली याचा माग ठेवण्याची स्थिर सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये १.६५ बरोबर मिळाली. पूर्ण कार्यप्रणाली नसलेल्या लहान यंत्रांसाठी, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांत बसविलेल्या छोट्या संगणकांसाठी, चुकीचे तेच सर्वमान्य रूप वापरण्याची मुभा सप्टेंबर २०२४ मध्ये १.८१ या आवृत्तीने दिली.

आता दुसरी बाजू पाहावी. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन-१२ या मुक्त कार्यप्रणालीबरोबर रस्टची १.६३ ही आवृत्ती मिळते. जी संस्था आपल्या कार्यप्रणालीबरोबर आलेल्या कंपायलरवरच काम करते, तिला वरीलपैकी शेवटच्या दोन सोयी उपलब्ध नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन-१३ मध्ये १.८५ ही आवृत्ती आली. परंतु नवी कार्यप्रणाली निघाली म्हणजे ती दुसऱ्या दिवशी सर्वत्र बसते असे नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांच्या सोयींसह विकसित केलेली बॉस ही कार्यप्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे. म्हणजे डेबियनमध्ये कोणता कंपायलर आहे, हा प्रश्न भारतातील कार्यालयांना आणि शाळांना दूरचा नाही.

जुना कंपायलर वापरणारा मनुष्य आळशी असतो, असा एक समज नव्या साधनांच्या पुरस्कर्त्यांत आढळतो. तो न्याय्य नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतील वीस यंत्रे एकदा नीट बसवून दिली, की शिक्षक वर्षभर त्यांना हात लावू इच्छीत नाही. आणि हे शहाणपणाचेच आहे. संशोधनसंस्थेत एखाद्या गणनेचे उत्तर पुन्हा तेच यावे म्हणून साधने मुद्दाम गोठवून ठेवलेली असतात. ज्या उपकरणाची तपासणी होऊन त्याला मान्यता मिळाली आहे, त्याचा कंपायलर बदलला तर ती तपासणी पुन्हा करावी लागते. जेथे इंटरनेटची जोडणी मंद आहे, तेथे नवे साधन उतरवून घेणे हाच एक दिवसाचा उद्योग होतो.

या देशाला हा अनुभव नवा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी-३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळी असे यंत्र हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढेच होते. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्रापाशी सोपवावयाचा आणि छापलेल्या उत्तराची वाट पाहावयाची, अशी रीत होती. अशा ठिकाणी यंत्रावर असलेल्या फोर्ट्रानला रुचेल तेच लिहावे लागे, आणि कळण्याजोगा दोषसंदेश न मिळणे म्हणजे कामाची आणखी एक फेरी वाया जाणे. चुकीचा निरोप आणि कंपायलरची मर्यादा या दोन्ही गोष्टींची किंमत त्या पिढीने एकाच वेळी मोजली होती.

दोन टोके

या वादात दोन टोकाची मते ऐकू येतात. पहिले मत असे की, कंपायलर विनामूल्य मिळतो, एका आज्ञेसरशी नवा करता येतो. तेव्हा लायब्ररीने सदैव नव्यातला नवा कंपायलर मागावा. वर सांगितलेल्या परिस्थितीकडे पाहता हे मत टिकत नाही.

दुसरे मत असे की, एकदा दिलेली अट लायब्ररीने कधीही वाढवू नये. हेही मान्य करता येत नाही. पुष्कळशा लायब्रऱ्या थोडी माणसे आपल्या फावल्या वेळात, बहुधा विनावेतन, सांभाळतात. जुन्यासाठी एक आणि नव्यासाठी एक असे दोन मार्ग ठेवले, की तपासण्या दुप्पट होतात. आणि क्वचित चालणाऱ्या मार्गातच चुका दडून राहतात. चूक सांगण्याचे कामच जेथे चुकते, तेथे जुन्याला दिलेला आधार उपकारक न होता घातक होतो. शिवाय ज्यांच्याकडे नवा कंपायलर आहे, त्यांना अंधारात ठेवण्याचा हक्क जुन्या कंपायलरला नाही.

लॅपॅकचा इतिहास येथे मार्गदर्शक आहे. फोर्ट्रान-९० चे प्रमाण १९९१ साली प्रसिद्ध झाले, परंतु लॅपॅक फोर्ट्रान-७७ वर राहिली. मुक्त जीसीसी कंपायलरसमूहात फोर्ट्रान-९० जाणणारा कंपायलर २००५ साली, ४.० या आवृत्तीत दाखल झाला. त्यापूर्वी त्या समूहात केवळ फोर्ट्रान-७७ चीच सोय होती. पुढे २००८ साली लॅपॅकने ३.२ या आवृत्तीत फोर्ट्रान-९० ची अट स्वीकारली. प्रमाण निघाल्यापासून सतरा वर्षे हा काळ कोणाला फार मोठा वाटेल. परंतु तोपर्यंत नवा कंपायलर कोणालाही मोफत मिळेल अशी स्थिती आली होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

अट वाढविण्याचा न्याय

मग न्याय्य मार्ग कोणता? प्रथम हे पाहावे की, जुन्या कंपायलरवर जे साधते ते सारे साधून झाले आहे काय. चांगल्या दोषसंदेशाचा मोठा भाग भाषेच्या नव्या सोयींवर अवलंबून नसतो. कोणती फाइल उघडत होतो तिचे नाव सांगणे, काय अपेक्षित होते आणि काय मिळाले हे सांगणे, वापरणाऱ्याची चूक आणि यंत्राची अडचण वेगळी ठेवणे, यांसाठी नवा कंपायलर लागत नाही. थोडा विचार लागतो. ज्या लायब्ररीचे संदेश आज ‘काहीतरी चुकले’ एवढेच सांगतात, तिने नव्या कंपायलरची मागणी करणे म्हणजे लेखणी बदलून अक्षर सुधारण्याची आशा करणे होय.

दुसरे, अट कोणाच्या हितासाठी वाढते हे तपासावे. लिहिणाऱ्याच्या चार ओळी वाचाव्यात म्हणून हजारो वापरकर्त्यांना कंपायलर बदलावयास लावणे हा अन्याय आहे. परंतु चुकीचे मूळ कारण जुन्या साधनाने सांगताच येत नसेल, किंवा लहान उपकरणांतील चुका इतरांच्या चुकांशी एका साखळीत गुंफता येत नसतील, तर अट वाढविण्यास सबळ कारण आहे. कारण त्याचा लाभ अखेर वापरणाऱ्याच्याच पदरात पडतो. मात्र या एका कारणाच्या पदराआडून केवळ सोयीच्या दहा नव्या गोष्टी आत आणू नयेत.

तिसरे, अट वाढवावयाची ती उघडपणे. किरकोळ दुरुस्तीच्या नावाखाली निघालेल्या आवृत्तीत ती दडवू नये. जुन्या शाखेतील गंभीर दोष काही काळ तरी दुरुस्त करीत राहावे, आणि तो काळ किती हे आधी जाहीर करावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथन भाषेतील क्रिप्टोग्राफी या बहुप्रचलित लायब्ररीने ३.४ या आवृत्तीपासून बांधणीसाठी रस्टचा कंपायलर मागितला. हेतू सुरक्षिततेचा होता व तो स्तुत्य होता. परंतु ज्यांच्या यंत्रासाठी तयार बांधणी उपलब्ध नव्हती, त्यांचे काम एकाएकी अडले आणि मोठा वाद उसळला. हेतू चांगला असला म्हणजे सूचना देण्याची जबाबदारी संपत नाही, हा त्यातील धडा होय.

नकाराचा संदेश

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. चुका अधिक स्पष्ट सांगता याव्यात म्हणून लायब्ररी नवा कंपायलर मागते. आणि जुना कंपायलर असलेल्या विद्यार्थ्याला तिचा पहिला परिचय होतो तो एका अगम्य चुकीने. १.६३ या आवृत्तीला १.८१ मधील सोय वापरणारी लायब्ररी दिली आणि तिने आपली अट कोठेही नोंदविली नसली, तर कंपायलर एवढेच म्हणतो की, अमुक नावाचा विभाग मुळात सापडला नाही. हे ऐकून विद्यार्थ्याला वाटते की लायब्ररी सदोष आहे, किंवा आपलेच काही चुकले. खरे कारण, म्हणजे कंपायलर जुना आहे हे, त्या संदेशात कोठेही नसते. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती स्पष्टता, जिला सर्वांत अधिक गरज त्या व्यक्तीलाच नाकारली जाते.

याला उपाय आहे आणि तो फार स्वस्त आहे. रस्टमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून, १.५६ या आवृत्तीपासून, लायब्ररीच्या वर्णनपत्रात किमान आवृत्ती नोंदविता येते. नोंद केलेली असली म्हणजे जुन्या कंपायलरचा धनी ‘या लायब्ररीला अमुक आवृत्ती लागते, आपल्याकडे तमुक आहे’ असे स्पष्ट उत्तर मिळवितो. जानेवारी २०२५ मध्ये १.८४ बरोबर याहून पुढची सोय आली: नोंद पाहून आपल्या कंपायलरला चालेल अशी लायब्ररीची जुनी आवृत्ती निवडता येते. गो या भाषेने ऑगस्ट २०२३ मध्ये, १.२१ या आवृत्तीपासून, अशी नोंद बंधनकारक मानली. जरूर तर योग्य साधन आपोआप उतरवूनही घेतले जाते. सी या जुन्या भाषेतही, कंपायलर कोणते प्रमाण पाळतो हे आरंभीच तपासून, न जमल्यास आपल्या शब्दांतील संदेश देऊन थांबविण्याची सूचना कित्येक दशकांपासून आहे. म्हणजे नकार नीट देण्यासाठी नव्या कंपायलरची वाट पाहण्याचे कारण नाही.

यावरून एक साधा नियम निघतो. जी लायब्ररी चुका सुधारण्यासाठी अट वाढविते, तिने सर्वांत आधी त्या अटीचाच दोषसंदेश सुधारावा. किती आवृत्ती हवी, किती आहे, आणि नवी मिळणे शक्य नसेल तर लायब्ररीची कोणती जुनी आवृत्ती घ्यावी, या तीन गोष्टी त्यात असाव्यात. हा संदेश ज्यांनी लिहिला नाही, त्यांनी अट वाढविण्याचा अधिकार अद्याप मिळविलेला नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

शाळांनाही यात काही करण्यासारखे आहे. प्रयोगशाळेतील यंत्रांवर कोणती कार्यप्रणाली आणि कोणत्या कंपायलरची कोणती आवृत्ती आहे, हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे. विद्यार्थ्याने लायब्ररी निवडताना तिच्या वर्णनपत्रातील किमान आवृत्ती आधी वाचावी. दोषसंदेश आला की तो पुसून न टाकता वहीत उतरून घ्यावा आणि त्यातून कारण कळते की नाही याचा वर्गात विचार व्हावा. आज जे विद्यार्थी अस्पष्ट नकारापुढे अडतात, त्यांतील काही उद्या स्वतः लायब्रऱ्या लिहितील. जुन्या सदनाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या त्या प्रवाशाची त्या वेळी त्यांना आठवण राहिली, तर त्यांच्या लायब्ररीने दिलेला नकारही पुढची वाट सांगेल.